पोटावरचे शौचमुख बंद करताना : व्रणावरचा हर्निया टाळण्याची तयारी

आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत पोटावर काढलेले शौचमुख, म्हणजे वैद्यकीय परिभाषेतील स्टोमा, काही महिन्यांनी बंद करून आतडे पुन्हा जोडले जाते, तेव्हा मळ साठवणारी ‘पिशवी निघाली’ म्हणून रुग्णाच्या घरी मोठे दडपण उतरते आणि आजारपण संपले असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. परंतु ज्या छिद्रातून आतडे इतके दिवस बाहेर आणलेले होते ते छिद्र टाक्यांनी मिटवले, तरी पोटाची भिंत तेथे मूळच्यासारखी होत नाही, आणि पुढील दोन वर्षांत त्या जागी, किंवा पहिल्या शस्त्रक्रियेच्या मधल्या उभ्या व्रणातून, आतडे त्वचेखाली फुगून येऊ शकते. यालाच व्रणावरचा हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. हा हर्निया प्रत्येक वेळी टाळता येतो असे नाही. मात्र त्याची शक्यता पुष्कळ कमी करता येते, आणि त्यासाठीचा सर्वांत मोलाचा काळ म्हणजे पिशवी लावलेली असतानाचे महिने, जे बहुतेक रुग्ण नुसती वाट पाहण्यात घालवतात.

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर आणि आसपासच्या वऱ्हाडातील रुग्णाला शौचमुखाची गरज अनेक कारणांनी पडते. विषमज्वरात किंवा क्षयात लहान आतड्याला छिद्र पडणे, मोठ्या आतड्याला पीळ बसून ते काळे पडणे, अडकलेल्या हर्नियातील आतडे सडणे, अपघातात किंवा बैलाचे शिंग लागून आतडे फाटणे ही त्यांतील तातडीची कारणे असून, गुदाशयाच्या कर्करोगात खालचा जोड सुरक्षितपणे भरून यावा म्हणून लहान आतड्याचे तात्पुरते शौचमुख ठरवून काढले जाते. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अशक्त, रक्त कमी असलेला आणि पोटात पू झालेला असतो, शिवाय त्याच्या पोटावर दोन जखमा राहतात, एक मधली उभी आणि दुसरी शौचमुखाची. त्यामुळे अशा रुग्णाने दोन्ही जागांची काळजी घ्यावयाची असते, हे आरंभीच लक्षात ठेवावे.

हर्निया का होतो हे कळण्यासाठी पोटाच्या भिंतीची रचना थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. त्वचा आणि चरबी यांच्याखाली पांढऱ्या, चिवट तंतूंचे एक घट्ट आवरण असते, त्याला फॅशिया म्हणतात, आणि पोटाचे स्नायू या आवरणात गुंडाळलेले असतात. खोकताना, कुंथताना किंवा वजन उचलताना पोटात जो दाब निर्माण होतो तो मुख्यतः हे आवरण पेलते, त्वचा नव्हे. म्हणून वरची जखम सुबक भरली याचा अर्थ आतले आवरण जुळले असा होत नाही. शौचमुखासाठी या आवरणाला मुद्दाम छिद्र पाडलेले असते, आतड्याच्या हालचालीने ते हळूहळू रुंदावते, त्याच्या कडा विरळ होतात, आणि ही जागा सतत मळाच्या संपर्कात असल्यामुळे ती बंद करताना जंतुसंसर्गाचा धोका इतर जखमांपेक्षा अधिक असतो. संसर्ग झाला की टाक्यांभोवतीचे तंतू मऊ पडून कडा सुटतात. आवरणाचा व्रण बळकट होण्यास वेळही लागतो: सुमारे दोन महिन्यांनी त्यात मूळच्या निम्म्याइतकी ताकद येते, तीन महिन्यांनंतर ती साधारण चार पंचमांशांपर्यंत पोचते, आणि पूर्ण ताकद कधीच परत येत नाही.

या हर्नियाचे प्रमाण किती, याचे उत्तर तो कसा शोधला यावर अवलंबून असते, कारण केवळ हाताने तपासले तर अनेक लहान हर्निया सुटून जातात आणि सीटी स्कॅन केले तर तेच दिसू लागतात. ब्रिटन, डेन्मार्क आणि नेदरलँड्स येथील रुग्णालयांत मिळून झालेल्या आणि २०२० साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘रॉक्स’ या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने शौचमुख बंद केलेल्या रुग्णांपैकी २० टक्क्यांना दोन वर्षांत तपासणीत कळणारा हर्निया झाला, तर ज्यांच्या छिद्रावर प्राणिज ऊतीपासून तयार केलेली जाळी बसवली होती त्यांच्यात हे प्रमाण १२ टक्के राहिले. म्हणजे पाचांतील एकाला होणारा हा त्रास आहे. तो दुर्मिळ समजून सोडून देण्यासारखा नाही.

पिशवीच्या काळातील पहिली तयारी आहाराची आहे. व्रणाचे तंतू प्रथिनांपासून बनतात, आणि शस्त्रक्रियेच्या तयारीतील रुग्णाला रोज प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. वऱ्हाडातील शेतमजुराच्या घरचे भाकर, भाजी आणि पातळ वरण हे जेवण या गरजेच्या बरेच खाली राहते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकीच किंवा थोडी अधिक, आणि वाटीभर घट्ट वरणात ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. पण ज्या शिवारात सोयाबीनचे पीक घरोघरी होते तेथेच सोयाबीन रुग्णाच्या ताटात क्वचित येते, ही खेदाची गोष्ट आहे, कारण कोरड्या सोयाबीनमध्ये वजनाच्या एक तृतीयांशाहून अधिक प्रथिने असतात. ते कच्चे खाऊ नये. भिजवून चांगले शिजवलेले सोयाबीन, त्याच्या वड्या, किंवा भाजून दळून भाकरीच्या पिठात मिसळलेले पीठ चालते, मात्र शौचमुख लहान आतड्याचे असेल तर सालपटे आणि अख्खे दाणे छिद्राशी अडकू शकतात म्हणून पीठ आणि मऊ शिजवलेली वडीच बरी, आणि तीही नीट चावून खावी. आतड्याच्या क्षयामुळे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने क्षयाची औषधे, जी साधारणपणे सहा महिने चालतात, पूर्ण घ्यावीत आणि निक्षय पोषण योजनेतून दरमहा मिळणारे १००० रुपये खरोखर त्याच्याच आहारावर खर्च होतील हे घरच्यांनी पाहावे.

रक्तातील हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन या दोन तपासण्या शस्त्रक्रियेच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात करण्यापेक्षा दोन महिने आधी करून घ्याव्यात, म्हणजे उणीव भरून काढण्यास वेळ मिळतो. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी साधारणपणे ८ च्या खाली आणणे हिताचे असते. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने, ती तपासणी पूर्वी झाली नसेल तर या निमित्ताने करून घ्यावी. तिचा हर्नियाशी थेट संबंध नसला तरी भूल देताना आणि नंतर ऑक्सिजन व पाणी कमी पडू न देण्यासाठी डॉक्टरांना ती माहिती असावी लागते.

लहान आतड्याचे शौचमुख असलेल्या रुग्णाचा आणखी एक प्रश्न या भागात तीव्र होतो. अशा शौचमुखातून रोज अर्धा ते एक लिटर पातळ मळ जातो आणि त्याबरोबर पाणी व मीठही जाते. अकोला जिल्ह्याच्या उन्हाळ्यात, जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, एवढ्यानेच मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. मूर्तिजापूर तालुक्याचा मोठा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो, तेथील विहिरीचे खारे पाणी पोटात गेल्याने मिठाची भरपाई होते असा समज कोणी करून घेऊ नये. त्यासाठी जलसंजीवनीचे पाकीट स्वच्छ, गोड्या पाण्यात आणि पाकिटावर लिहिलेल्या मापातच मिसळून प्यावे. पिशवी दिवसाला दीड लिटरहून अधिक भरू लागली, लघवी कमी व गडद झाली किंवा पायांत गोळे येऊ लागले, तर घरी थांबू नये. मूत्रपिंड बिघडलेल्या आणि सुकलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते, आणि प्रत्येक महिन्यागणिक छिद्र आणखी सैल होत जाते.

तंबाखूचा विषय स्पष्टपणे मांडणे भाग आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जखमेचा संसर्ग आणि व्रणावरचा हर्निया अधिक होतो, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे अशी सर्वसाधारण शिफारस आहे. वऱ्हाडात मात्र ओढणाऱ्यांपेक्षा खर्रा खाणारे कितीतरी जास्त, आणि ‘बिडी सोडली’ असे डॉक्टरांना सांगणाऱ्याच्या खिशात खऱ्र्याची पुडी असते. खऱ्र्यातील निकोटीनही रक्तवाहिन्या आकसून टाकते आणि भरून येणाऱ्या जखमेला रक्त कमी पडते. म्हणून चार आठवड्यांचा नियम खऱ्र्यालाही लावावा, आणि व्यसनाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. जुना खोकला, दमा, लघवीला जोर करावा लागणारी प्रोस्टेटची वाढ आणि जुनाट बद्धकोष्ठता यांचे उपचारही आधीच उरकावेत, कारण ताज्या टाक्यांवर दिवसातून शंभर वेळा बसणारा खोकल्याचा झटका एखाद्या वेळच्या वजनापेक्षा अधिक घातक असतो. वजन फार वाढलेले असल्यास ते बेताने कमी करावे. कृश रुग्णाने मात्र हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये.

शौचमुख केव्हा बंद करावे हे शल्यविशारद ठरवतात, आणि सामान्यतः पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ८ ते १२ आठवड्यांनी, पोटातील सूज ओसरल्यावर, किंवा कर्करोगाच्या रुग्णात केमोथेरपी पूर्ण झाल्यावर ते केले जाते. पुढच्या आतड्यात गळती किंवा अडथळा नाही ना हे औषध सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रावरून किंवा दुर्बिणीने पाहिले जाते. ही वैद्यकीय चौकट सांभाळून तारीख निवडण्यास वाव असेल, तर शेतकरी कुटुंबाने शेतीचे वेळापत्रक डॉक्टरांना जरूर सांगावे. जूनच्या अखेरीस पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि मळणी, आणि त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी असा येथील वर्षाचा क्रम असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शौचमुख बंद झाले तर पेरणीपर्यंत तीन महिने सहज मिळतात, आणि जुलैत झाले तर सहाव्या आठवड्यात रुग्ण पाठीवर फवारणीचा पंप चढवून उभा असतो. १६ लिटरचा भरलेला पंप स्वतःच्या वजनासह २० किलोच्या घरात जातो, आणि तो बांधावरून उचलून पाठीवर घेताना श्वास रोखून पोटाला जो हिसका बसतो तो नव्या व्रणाला सोसणारा नसतो. केवळ पैशाअभावी मात्र तारीख वर्षानुवर्षे लांबवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे, आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयासारख्या शासकीय संस्थेत चौकशी करावी. कर्करोगासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा मोठा आधार आहे. ज्या गाडगेबाबांचे बालपण याच मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामाच्या घरी गेले, त्यांच्या नावाच्या त्या वास्तूत वऱ्हाडातील रुग्णाने उपचारातील प्रत्येक फेरीत संकोच न करता चौकशी करावी.

शस्त्रक्रियागृहात काय होते यावर रुग्णाचा ताबा नसतो, परंतु काही गोष्टी आधी विचारून समजून घेण्याचा त्याला अधिकार आहे. पहिली गोष्ट आवरणाच्या शिवणीची. नेदरलँड्समधील ‘स्टिच’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटाची मधली उभी जखम दोन पद्धतींनी शिवली गेली: सुमारे एक-एक सेंटिमीटरवर मोठे टाके, आणि कडेपासून ५ मिलिमीटर आत व एकमेकांपासून ५ मिलिमीटर अंतरावर लहान टाके. वर्षभराने मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के रुग्णांना हर्निया आढळला, लहान टाक्यांच्या गटात १३ टक्क्यांना. ज्यांचे पोट आतडे जोडण्यासाठी मधून पुन्हा उघडावे लागते त्यांना हा निष्कर्ष सरळ लागू होतो, आणि शौचमुखाच्या छिद्राबाबतही कडा मोकळ्या करून, ताण न देता, सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने फक्त निरोगी आवरण धरून शिवणे हेच तत्त्व पाळले जाते.

दुसरी गोष्ट त्वचेची. पूर्वी शौचमुखाची त्वचा सरळ रेषेत पूर्ण मिटवली जात असे आणि आत अडकलेल्या स्रावाचा पू होत असे. आता पुष्कळ ठिकाणी त्वचेच्या गोल कडेतून एकच धागा फिरवून तो बटव्याच्या नाडीप्रमाणे आवळतात, आणि मध्ये करंगळीचे टोक जाईल एवढे छिद्र मुद्दाम मोकळे ठेवतात. त्यातून स्राव बाहेर पडत राहतो आणि जखम तळापासून भरत काही आठवड्यांत एक लहान वाटोळा वण उरतो. या पद्धतीत जखमेचा संसर्ग बराच कमी होतो. मात्र घरी आल्यावर ‘जखम उघडीच ठेवून दिली’ असे समजून नातेवाईक घाबरतात, आणि कोणी तिच्यात हळद, राख किंवा झाडपाल्याचा लेप भरतो. असे काहीही करू नये. हात साबणाने धुऊन, दाखवून दिल्याप्रमाणे निर्जंतुक सलाइनने जखम पुसावी, वर सैल गॉज ठेवावा, आणि स्राव घाण वासाचा, हिरवट वा अधिक होऊ लागला, भोवती लाली पसरली किंवा ताप आला, तर दुसऱ्याच दिवशी दाखवावे.

तिसरा प्रश्न जाळीचा. वर उल्लेखिलेल्या चाचणीतील प्राणिज जाळी अतिशय महाग असते, आणि कृत्रिम धाग्याची जाळी मळाने दूषित होऊ शकणाऱ्या जागी बसवताना संसर्गाची जोखीम तोलावी लागते. त्यामुळे प्रत्येकाला जाळी हवीच असा आग्रह धरणे योग्य नाही. पण ज्याला शौचमुखाभोवती पिशवीच्या काळातच फुगवटा आला आहे, जो फार स्थूल आहे, ज्याला जुनाट खोकला किंवा दुसरा हर्निया आहे, त्याने ‘माझ्या बाबतीत जाळीचा विचार केला का’ असे अवश्य विचारावे.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत चार-पाच किलोपेक्षा अधिक वजन उचलू नये आणि अंगमेहनतीची शेतीकामे तीन महिन्यांपर्यंत टाळावीत, असा सल्ला बहुतेक शल्यविशारद देतात. या मर्यादांमागे मोठ्या चाचण्यांपेक्षा अनुभवाचा आधार अधिक आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, तरीही व्रणाच्या ताकदीचा वेग पाहता त्या पाळणे शहाणपणाचे आहे. मर्यादा वजनाची आहे, हालचालीची नाही; शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून चालणे, आणि पुढे सकाळ-संध्याकाळ अंतर वाढवत जाणे आवश्यकच असते, कारण पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि छातीत कफ साठतो. उठताना सरळ कंबरेतून उठू नये: आधी गुडघे वाकवावेत, संपूर्ण अंग एका कुशीवर वळवावे, दोन्ही पाय खाटेखाली सोडावेत आणि मग खालच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने रेटा देत बसते व्हावे. खोकला किंवा शिंक येताना घडी केलेली चादर वा लहान उशी व्रणावर दोन्ही हातांनी दाबून धरावी. पोटाच्या पट्ट्याने वेदना कमी होतात आणि चालताना धीर वाटतो, पण पट्ट्यामुळे हर्निया टळतो असा पुरावा नाही, तेव्हा पट्टा बांधला म्हणून पोते उचलण्याची मुभा कोणी स्वतःला देऊ नये.

पहिले काही आठवडे शौचाला वारंवार आणि पातळ होते, विशेषतः गुदाशयाच्या जोडानंतर. ते हळूहळू बसते, आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. याउलट मोठ्या आतड्याच्या रुग्णाला बद्धकोष्ठता झाल्यास कुंथू नये, पाणी वाढवावे आणि मल मऊ करणारे औषध मागून घ्यावे. मऊ भात, घट्ट वरण, दही, केळी, अंडी यांपासून सुरुवात करून ज्वारीच्या भाकरीकडे आणि पालेभाज्यांकडे दोन-तीन आठवड्यांत सावकाश यावे.

या सर्व सूचना स्त्री रुग्णाच्या बाबतीत सर्वांत लवकर मोडतात. पुरुषाला शेतात जाऊ देत नाहीत, पण घरी परतलेली बाई आठव्या दिवशी पाण्याला जाते, आणि खारपाणपट्ट्यातील ज्या गावांत पिण्याचे पाणी अजूनही लांबून आणावे लागते तेथे भरलेला हंडा १५ किलोंहून हलका नसतो. दोन वर्षांचे मूल कडेवर घेणे हेही दहा-बारा किलोच असते. पाणी भरणे, दळण आणणे, कापसाचे गाठोडे डोक्यावर देणे आणि मुलाला उचलणे ही कामे तीन महिने कोण करणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी घरात ठरले पाहिजे, आणि ते ठरवण्याची जबाबदारी त्या बाईवर टाकू नये.

पुढील दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी उभे राहून व्रणावर तळहात ठेवावा आणि जोरात खोकावे. हाताखाली काही फुगल्यासारखे वाटले, संध्याकाळी उंचवटा दिसून सकाळी तो नाहीसा होत असला, तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा मूळ शल्यविशारदाकडे डिस्चार्ज कार्डासह दाखवावे. लहान, न दुखणारा हर्निया म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असे नसते. त्याची दुरुस्ती ठरवून, तयारीनिशी करता येते. मात्र फुगवटा एकाएकी कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखू लागला, वरची त्वचा लाल-काळसर झाली, उलट्या सुरू झाल्या किंवा वारा सरणे बंद झाले, तर आतडे अडकले आहे असे समजावे, तेल लावून चोळत किंवा दाबून आत ढकलत बसू नये, रुग्णाला काहीही खाऊ-पिऊ घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सुमारे ४० किलोमीटरवरील अकोल्याला, जेथे शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात, त्याच वेळी निघावे. अडकलेले आतडे काही तासांतच काळे पडू लागते.